सुई हलता कामा नये

गॅरेजवाला म्हणाला, चौदाशे डॉलर.
गाडी विकली तर बाराशे येतील.
माझं गणित कच्चं आहे,
पण इतकंही नाही.

टूसॉन, जुलै. दुपारी तीनला पाळी संपते.
इस्पितळाच्या लाँड्रीतून आम्ही दोघी निघतो,
मी आणि ओफेलिया,
आणि पार्किंगमध्ये नव्याण्णव सालची ब्यूक
भट्टी पेटवून वाट बघत असते.
स्टिअरिंग धरायला ओला टॉवेल.
सीटबेल्टचं बक्कल म्हणजे डागणीच.
एकशे बारा फॅरनहाइटमध्ये काच खाली केली
की वारा येत नाही,
कुणीतरी तोंडावर हेअर ड्रायर धरतं.

ओफेलिया तक्रार करत नाही.
दर शुक्रवारी पेट्रोलचे वीस डॉलर
डॅशबोर्डवर ठेवते,
पाण्याची बाटली मानेला लावून बसते.
तिचं ते न बोलणंच मला लागतं.

मुलगा फोनवर म्हणाला,
आई, नसती उठाठेव. काढून टाक ती.
मी म्हटलं, बघू.
आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे ‘नाही’,
हे तो सिएटलला जाऊन विसरला.

शनिवारी पहाटे साडेचारला
ऊन जागं व्हायच्या आत बॉनेट उघडलं.
गेल्या वर्षी गॅरेजवाल्याने गॅसमध्ये रंग घातला होता,
त्याचे वेगळे पैसे घेतले होते,
आणि नंतर बघायचं विसरला होता.
ओफेलियाने जांभळा दिवा धरला,
मी पिवळा चष्मा लावला.
कंप्रेसरच्या मागे, एका सांध्यावर,
हिरवट पिवळी चमक,
काजवा चिरडल्यासारखी.

पाच-दहा सेंटची रबरी रिंग.
कडक झालेली, तडकलेली.
आणि मला हसूच आलं.
हे दुखणं मी ओळखत होते की!
कुकरची शिट्टी होत नाही,
वाफ बाजूने पळते, डाळ कच्ची राहते,
आणि घरातले सगळे डाळीला नावं ठेवतात.

नवी रिंग तेलात बुडवून बसवली.
ओल शोषून शोषून थकलेला डबा बदलला.
बोटाचं साल निघालं.
एक नट निसटला तो शोधायला
गाडीखाली आडवी झाले,
तर पाठीखालचं काँक्रीट तेव्हाही कोमट,
कालचं ऊन अजून सोडायला तयार नव्हतं.

मग पंप. अनामत ठेवून आणलेला.
गॅस भरायच्या आधी आतलं सगळं उपसायचं असतं,
हवा, ओल, जे असेल ते.
पाऊण तास तो घरघरला.
मग झडपा बंद,
आणि आता फक्त बघायचं.
निळ्या तबकडीवरची सुई हलता कामा नये.

आत काहीच नाही,
आणि ते काहीच नसणं टिकावं म्हणून
मी डोळ्यांत तेल घालून बसलेली.
ओफेलियाने टॉर्टिया आणले होते,
मी लिंबाचं लोणचं.
ती भावाबद्दल सांगत होती, नोगालेसच्या,
फेब्रुवारीपासून फोन उचलत नाही.
मी काही सुचवलं नाही.
अर्धा तास झाला. सुई जागच्या जागी.

इंजिन सुरू केलं, गॅसचा डबा जोडला.
हातातला डबा गार पडत गेला,
त्याच्यावर दव धरलं,
आणि आतून कुठूनतरी
टक्.
दोन वर्षांत न ऐकलेलं टक्.
दुधाचा थर्मामीटर जाळीत खोचला:
ऐंशी. पासष्ट. बावन्न.
चव्वेचाळीस!
ओफेलिया स्पॅनिशमध्ये काहीतरी ओरडली,
शेजारचा कुत्रा उठला.

फक्त तिच्या बाजूच्या जाळीतून
अजून गरमच येत होतं.
आत एक झडप अडकली आहे म्हणे,
त्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.
पुढच्या शनिवारी बघू.
हे ‘बघू’ खरं.
तोवर मधल्या दोन्ही जाळ्या
मी तिच्याकडे वळवल्या.

सोमवारी निघालो तर
दुसऱ्याच सिग्नलला तिला झोप लागली.
मान कलली,
बाटली मांडीवर, न उघडलेली.
तिची गल्ली आली.
मी वळले नाही,
पुढून एक फेरी मारून आले.